काचेच्या बाटलीत बांबूचा फुलोरा

तुमच्या गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या काठी किंवा एखाद्या घराच्या परसात कळकाचे बेट असेल. नसेल तर सहलीला जाताना घाटात तुम्ही ते नक्की पाहिले असेल. आता आठवून सांगा पाहू, त्या बांबूला फूल आलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? नाही ना? मग वडिलांना विचारा. बहुधा तेही नकारार्थी मान हलवतील. आता आजोबांना किंवा आजीला विचारा. कदाचित त्या दोघांपैकी कोणी तरी सांगेल, "हो, एकदा पाहिला होता फुलोरा. सगळे बेटच्या बेट फुलले आणि मग उभेच्या उभे वाळून गेले."

ज्या फुलोऱ्यासाठी आजोबांचे अर्धे आयुष्य सरावे लागते, तो पुण्याच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यात, बोटभर उंचीच्या रोपांना काही महिन्यांत आला असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? पण तसे खरोखरच घडले आहे. ते कसे घडले आणि त्याने आपल्याला काय शिकवले, याची ही गोष्ट आहे.

आयुष्यात एकदाच

बांबू झाडासारखा उंच वाढत असला तरी तो झाड नव्हे. तो गवताच्या कुळातला आहे. ज्वारी, गहू, भात आणि ऊस हे त्याचे भाऊबंद. म्हणूनच त्याच्या फुलांना गुलाबासारख्या रंगीत पाकळ्या नसतात. ज्वारीच्या किंवा उसाच्या तुऱ्यात असतात तशी बारीक फुले आणि त्यांतून लोंबणारे परागकोश, एवढेच दिसते. पराग वाऱ्याने उडतात, बी धरते आणि ते भाताच्या किंवा गव्हाच्या दाण्यासारखे दिसते.

ज्वारी दरवर्षी फुलते. कळक मात्र साधारण ३० ते ४५ वर्षे नुसता वाढत राहतो. दर पावसाळ्यात जमिनीतून नवे कोंब येतात, ते वाढतात, जुने बांबू तोडले जातात, पण फुलाचे नाव नाही. मग एका वर्षी संपूर्ण बेटाला फुलोरा येतो, बी पडते आणि बेट मरून जाते. जपान व चीनमध्ये वाढणाऱ्या एका जातीचे बांबू तर सुमारे १२० वर्षांनी फुलतात!

याहूनही नवलाची गोष्ट पुढेच आहे. एका बेटातील कंद काढून तुम्ही तो दुसऱ्या गावी नेऊन लावला, तर नव्या जागी माती वेगळी, पाऊस वेगळा, तरीही तो साधारण मूळ बेटाबरोबरच फुलतो. म्हणजे ही वेळ बाहेरून ठरत नाही. शेवंतीचे तसे नाही. पावसाळा संपून रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंतीला कळ्या धरतात. ती रात्रीची लांबी मोजते. बांबू मात्र आपल्या आतच कुठे तरी वर्षे मोजत असतो. जणू त्याच्या प्रत्येक कंदात एक घड्याळ बसवलेले आहे!

फुलोरा आणि दुष्काळ

"बांबू फुलला की दुष्काळ येतो," असे जुनी माणसे म्हणतात. ही निव्वळ अंधश्रद्धा असेल असे तुम्हाला वाटेल. पण मिझोरामच्या लोकांना विचारा. तेथील डोंगर 'मौताक' नावाच्या बांबूने झाकलेले आहेत. तो सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलतो. त्याची फळे चांगली मोठी व गरदार असतात. जंगलात सगळीकडे अशा फळांचा सडा पडला की उंदरांची चंगळ होते. पोटभर खायला मिळाल्याने त्यांची पिल्ले भराभर वाढतात. पुढे फळे संपतात, पण उंदीर संपत नाहीत. मग त्यांच्या झुंडी भाताच्या शेतांवर तुटून पडतात आणि एका रात्रीत उभे पीक फस्त करतात.

या संकटाला मिझो लोक 'मौताम' म्हणतात. मौताम म्हणजे बांबूचे मरण. १९११ च्या सुमारास ते आले, नंतर १९५९ मध्ये आले. १९५९ च्या दुष्काळात वेळेवर मदत न मिळाल्याने लोकांत मोठा असंतोष पसरला. दुष्काळग्रस्तांसाठी स्थापन झालेल्या संघटनेतून एक राजकीय पक्ष उभा राहिला, १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला आणि १९८६ च्या करारापर्यंत शांतता आली नाही. एका गवताच्या फुलाने इतिहास कसा घडवला पाहा! २००७ मध्ये पुन्हा फुलोरा आला, तेव्हा मात्र तो येणार हे आधीच ठाऊक होते. म्हणून तयारी करता आली. उंदराच्या शेपटीमागे बक्षीसही लावण्यात आले होते.

बांबूच्या या सवयीची आणखी एक अडचण आहे. गव्हाचे किंवा भाताचे सुधारित वाण कसे तयार करतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. एका जातीचे पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर टाकून संकर करतात आणि त्या बियांपासून आलेल्या रोपांतून चांगली निवडतात. पण बांबूचा संकर करायचा कसा? एक जात यंदा फुलली, तर दुसरी आणखी २० वर्षांनी. एका संशोधकाच्या साऱ्या नोकरीत बांबूची एक पिढीसुद्धा पुरती पाहून होत नाही. ज्या वनस्पतीपासून घर, टोपली, शिडी आणि कागदही होतो, तिची सुधारणा अशी अडून राहिली होती.

एका पेशीत अख्खे रोप

आता थोडा वेळ बांबू बाजूला ठेवू. बाटलीत रोपे वाढवण्याची कल्पना कोठून आली, ते पाहू.

उसाची लागण करताना शेतकरी बी पेरत नाही, दोन डोळ्यांची टिपरी लावतो. टिपरीवरच्या डोळ्यातून नवा ऊस उगवतो. म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यातून वनस्पती होते, हे आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे. पण हा तुकडा किती लहान करता येईल? एका डोळ्याचा? डोळ्याच्या टोकाचा? की फक्त एका पेशीचा?

हा प्रश्न गोटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला पडला. १९०२ मध्ये त्याने आपले विचार प्रसिद्ध केले. वनस्पतीची प्रत्येक जिवंत पेशी योग्य अन्न मिळाल्यास संपूर्ण वनस्पती घडवू शकेल, असे त्याचे म्हणणे होते. त्याने पानांतील पेशी सुट्या करून साखर व क्षार असलेल्या पाण्यात ठेवल्या. त्या जगल्या, थोड्या फुगल्याही. पण एकही पेशी दुभंगून तिच्या दोन झाल्या नाहीत. प्रयोग फसला!

तो का फसला हे कळायला पुढची काही दशके जावी लागली. पेशींना नुसते अन्न पुरत नाही. वाढीचा 'हुकूम' देणारी रसायनेही लागतात. त्यांना संप्रेरके म्हणतात. त्यांच्यातील ऑक्झिन या गटाचा शोध १९२० च्या दशकात लागला. नारळाच्या पाण्याने वनस्पतींचे इवलेसे गर्भ वाढीला लागतात, हे १९४१ मध्ये दिसून आले. आणि १९५५ मध्ये अमेरिकेत फोक स्कूग व कार्लोस मिलर यांच्या गटाने कायनेटिन शोधून काढले. ते आणि त्यासारखी पेशींना दुभंगायला लावणारी इतर द्रव्ये मिळून सायटोकायनिन हा गट झाला.

१९५७ मध्ये स्कूग व मिलर यांनी एक सुंदर गोष्ट दाखवली. तंबाखूच्या खोडाच्या पेशींना ऑक्झिन जास्त व सायटोकायनिन कमी दिले, तर मुळे फुटतात. उलट प्रमाण केले, तर कोंब फुटतात. दोन्ही बेताची दिली, तर मुळे नाहीत, कोंबही नाहीत. पेशींचा नुसता गोळा वाढत राहतो. पेशी त्याच, पण हुकूम बदलला की काम बदलते!

१९५८ मध्ये एफ. सी. स्टीवर्ड यांनी गाजराच्या सुट्या पेशी नारळपाणी घातलेल्या द्रवात वाढवून त्यांपासून गाजराची रोपे मिळवली. १९६५ मध्ये विमला वासिल या भारतीय वंशाच्या संशोधिकेने अमेरिकेत हिल्डेब्रांट यांच्यासह काम करून तंबाखूची एकच पेशी अगदी एकटी वाढवली आणि तिच्यापासून पूर्ण रोप करून दाखवले. हाबरलांटचे म्हणणे ६३ वर्षांनी पुरते खरे ठरले.

यातील नारळपाण्याचे तुम्हाला आश्चर्य वाटले असेल. पण विचार करा. शहाळ्यातले पाणी नारळाने आपल्यासाठी साठवलेले नसते. ते नारळाच्या बाळरोपाचे, म्हणजे आतील गर्भाचे, दूध असते. बाळाला वाढायला लागणारी साखर, क्षार आणि सायटोकायनिनसुद्धा त्यात असतात. ते दूध दुसऱ्या वनस्पतीच्या पेशींनाही मानवते, एवढेच.

बाटलीतील शेती

वनस्पतीचा लहानसा भाग काचेच्या भांड्यात वाढवण्याच्या या पद्धतीला ऊती-संवर्धन म्हणतात. 'टिश्यू कल्चर' हे तिचे इंग्रजी नाव तुम्ही ऐकले असेल. जळगावकडच्या मित्रांना तर ते केळीमुळे चांगलेच परिचयाचे आहे.

ही शेती करतात कशी? प्रथम अन्न तयार करतात. शुद्ध पाण्यात नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, लोह वगैरेंचे क्षार, थोडी जीवनसत्त्वे, साखर आणि मोजून घेतलेली संप्रेरके मिसळतात. साखर कशाला? कारण एवढ्याशा तुकड्याला सूर्यप्रकाशातून स्वतःचे अन्न पुरेसे करता येत नाही. हे मिश्रण घट्ट व्हावे म्हणून त्यात अगर घालतात. अगर म्हणजे समुद्रातील शेवाळापासून मिळणारा, स्वयंपाकघरातील 'चायना ग्रास'च्या जातीचा पदार्थ. याला पोषक माध्यम म्हणतात.

पण असे गोड, ओलसर अन्न आपल्या रोपाआधी बुरशीला आणि जिवाणूंना आवडते! म्हणून भरलेल्या बाटल्या मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात. रोपाचा तुकडाही जंतुनाशकाने धुतात. पुढचे काम गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतात, ज्योतीवर तापवलेल्या चिमट्याने करतात. एवढे करूनही एखादी बाटली बुरसटतेच. ती लगेच वेगळी काढावी लागते.

मग बाटल्या सुमारे २५ अंश तापमानाच्या खोलीत, दिव्यांच्या प्रकाशात फळ्यांवर मांडून ठेवतात. काही आठवड्यांत एका डोळ्यातून कोंबांचा झुबका येतो. ते कोंब सुटे करून प्रत्येकाला नव्या बाटलीत ताजे माध्यम देतात. असे माध्यम बदलत गेले, की एकाचे पाच, पाचांचे पंचवीस, पंचविसांचे सव्वाशे असा गुणाकार होतो. शेवटी मुळे फुटणाऱ्या माध्यमात ठेवून रोपे बाहेर काढतात. बाटलीतील दमट हवेत वाढलेली ही रोपे फार नाजूक असतात. त्यांना एकदम उन्हात नेले तर ती माना टाकतात. म्हणून आधी दमट सावलीत ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात.

जळगाव जिल्ह्यात पूर्वी केळीच्या बागेतले मुनवे किंवा कंद काढून लागवड करत. त्याबरोबर जुन्या बागेतील रोगही नव्या बागेत येत. आता तेथे बाटलीत जन्मलेली 'ग्रँड नैन' जातीची रोपे मोठ्या प्रमाणावर लावतात. ती सारखी वाढतात आणि घडही साधारण एकाच वेळी काढणीला येतात. पण यात एक धोका आहे. ही सारी रोपे म्हणजे एकमेकांच्या नकला. एखादा रोग एका रोपाला मारू शकला, तर तो सगळ्यांना मारू शकतो. म्हणून शहाणा बागाईतदार सगळा भरवसा एकाच जातीवर ठेवत नाही.

पुण्यातील तो फुलोरा

आता पुन्हा बांबूकडे वळू. पुण्याला पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. नाव रसायनशास्त्राचे असले तरी तेथे ऊती-संवर्धनाचे काम फार पूर्वीपासून होत आले आहे. डॉ. व्ही. जगन्नाथन व डॉ. ए. एफ. मास्कारेन्हस यांच्या गटाने तेथे १९८० मध्ये सुमारे १०० वर्षे वयाच्या सागापासूनही बाटलीत रोपे केली होती.

याच प्रयोगशाळेत डॉ. रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि डॉ. मास्कारेन्हस बांबूवर काम करत होते. त्यांनी कळकाच्या बियांपासून आलेल्या कोवळ्या रोपांचे कोंब पोषक माध्यमात वाढवले. त्या माध्यमात सायटोकायनिन होते आणि आपल्या ओळखीचे नारळपाणीही होते. ठरल्याप्रमाणे कोंब वाढू लागले, माध्यम बदलले जाऊ लागले. आणि तीन वेळा माध्यम बदलेपर्यंत त्या इवल्याशा कोंबांना चक्क फुलोरा आला! डेंड्रोकॅलॅमस ब्रँडिसी या दुसऱ्या जातीच्या बांबूलाही तो आला. एवढेच नव्हे, तर फुलांत बी धरले आणि ते बी रुजण्याजोगे होते.

हा निष्कर्ष मार्च १९९० मध्ये 'नेचर' या विख्यात ब्रिटिश साप्ताहिकात प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष पुण्याकडे वेधले गेले. ज्या फुलासाठी माणसाला अर्धे आयुष्य थांबावे लागत होते, ते शास्त्रज्ञाच्या टेबलावर, त्याला हवे तेव्हा, येऊ शकते हे सिद्ध झाले. दोन जाती एकाच वेळी फुलवता आल्या, तर त्यांचा संकर करण्याची वाटही मोकळी होणार होती.

मग घड्याळ उलगडले का?

या प्रयोगाने नेमके काय सांगितले, ते नीट समजून घेऊ. बाटलीतल्या रोपांनी ना ३० पावसाळे पाहिले होते, ना ३० उन्हाळे. तरीही ती फुलली. म्हणजे फुलण्याची क्षमता बांबूला म्हातारपणी मिळत नाही. ती कोवळ्या रोपातही असते. फक्त कोणी तरी ती दाबून ठेवलेली असते. संप्रेरकांनी तो दाब सैल केला.

पण जंगलात तो दाब कोण ठेवते, ४८ वर्षे कोण मोजते आणि नेमक्या वर्षी 'फुला' असा हुकूम कोण देते, याचे पूर्ण उत्तर शास्त्रज्ञांना अजून मिळालेले नाही. घड्याळाचे काटे बोटाने पुढे सरकवता आले, म्हणून आतली चक्रे समजली असे होत नाही. खरे ना?

आणि हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्यातील झाडांच्या यादीतून निघाला. गवताला शेवटी गवत म्हटले गेले! त्यामुळे शेतात लावलेला बांबू तोडून नेणे सोपे झाले आणि बांबूची लागवड करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांची एक अडचण दूर झाली.

त्यांतल्या काहींना भीती वाटते, "ही बाटलीतली रोपे लवकर फुलून मरणार तर नाहीत?" फुलोरा आणणारे माध्यम वेगळे आणि रोपे वाढवण्याचे माध्यम वेगळे. तेव्हा बाटलीत वाढला म्हणून बांबू लगेच फुलतो, असे नाही. पण दुसरी एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. रोप ज्या बेटापासून केले, त्या बेटाचे वय ते बरोबर घेऊन येते. कळकाचे ३५ वर्षांचे बेट निवडून त्याच्या डोळ्यांपासून हजार रोपे केली, तर ती दिसायला लहान, पण घड्याळाने ३५ वर्षांचीच! काही वर्षांत मूळ बेटाबरोबर ती सगळी फुलतील आणि शेतकऱ्याची बाग एकदम वाळेल. म्हणून तुमच्या घरी कोणी बांबू लावणार असेल, तर रोपवाटिकेत एक प्रश्न जरूर विचारायला सांगा: "या रोपांचे मूळ बेट किती वर्षांचे, आणि ते शेवटचे कधी फुलले होते?"

करून पाहा

ऊती-संवर्धन घरी करणे अवघड आहे. पण त्यातील निर्जंतुकतेचे महत्त्व तुम्हाला पडताळून पाहता येईल. मोठ्या माणसांच्या मदतीने पाण्यात चायना ग्रास व दोन चमचे साखर घालून उकळा. हे मिश्रण सारख्या आकाराच्या दोन लहान काचेच्या बाटल्यांत, उष्णता सोसणाऱ्या, बोटभर ओता. तोंडाला कापसाचे घट्ट बोळे लावा, त्यांवर कागद बांधा आणि त्या प्रेशर कुकरमध्ये २० मिनिटे ठेवा. कुकर पूर्ण गार झाल्यावरच उघडा. मग एका बाटलीचा बोळा दहा मिनिटे काढून ठेवून परत लावा. दुसरीला हातही लावू नका. आठवडाभर रोज बाहेरूनच पाहा आणि वहीत नोंद करा. बुरशी आधी कोणत्या बाटलीत दिसते? प्रयोग संपल्यावर बाटल्या न उघडता मोठ्या माणसांच्या हवाली करा.

आणखी एक काम करा. गावातील जुन्या माणसांना विचारून, तुमच्याकडचे बांबू शेवटचे कधी फुलले ते लिहून ठेवा. साल आठवत नसेल, तर "अमक्याच्या लग्नाच्या वर्षी" किंवा "त्या मोठ्या पुराच्या आदल्या वर्षी" अशा खुणांवरून ते काढता येते. बांबूच्या फुलोऱ्याविषयी आपल्याला आज जे ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे अशाच नोंदींमधून कळलेले आहे. बाटलीतला प्रयोग काही महिन्यांत होतो. ही नोंद मात्र एका पिढीने लिहायची आणि दुसरीने पुरी करायची असते.

शेवटी एक सोपे गणित. मिझोरामचा बांबू २००७ मध्ये फुलला. तो ४८ वर्षांनी फुलतो. मग पुढचा फुलोरा कधी? बरोबर, २०५५ च्या सुमारास! त्या वेळी तुमचे वय किती असेल ते मोजा. तोपर्यंत बांबूच्या घड्याळाची चक्रे उलगडून दाखवणारा शास्त्रज्ञ कदाचित तुमच्यापैकीच एक असेल.